एकच बोली आली तर

मेश्रामसाहेबांनी घरासाठी कूलर घेतला तो जानेवारीत.

दिल्लीचा जानेवारी ज्यांनी काढलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या महिन्यात माणूस अंघोळ करायची की नाही हेसुद्धा घरच्यांशी चर्चा करून ठरवतो. अशा एका सकाळी धुक्यातून एक हातगाडी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी कॉलनीत शिरली. गाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेला भलाथोरला कूलर, आणि मागे माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि हातमोजे अशा थाटात मेश्रामसाहेब. "संभाल के, भैया, संभाल के" चाललेलं. शेजारचे शर्माजी फाटकाशी उन्हाची वाट बघत उभे होते. त्यांनी काळजीने विचारलं, "मेश्राम साब, तबियत तो ठीक है?"

"प्रक्रिया पूर्ण झाली," साहेब म्हणाले. चक्क मराठीत. फार समाधान झालं की समोरचा कोण आहे हे ते विसरत.

प्रक्रिया एप्रिलात सुरू झाली होती. आधी गरजा ठरल्या. खोली केवढी, खिडकीचं तोंड कुठे, आवाज किती चालेल. मग दुकानादुकानातून भाव मागवले गेले. जूनमध्ये एका दुकानदाराने वैतागून माघार घेतली. "बाऊजी, कूलर ले रहे हो या लड़की का रिश्ता देख रहे हो?" असं तो म्हणाला. मग सगळं पहिल्यापासून. पावसाळ्यात दमट हवेतली चाचणी, दिवाळीनंतर घासाघीस. तो अख्खा उन्हाळा त्यांची मुलगी सुजाता डोक्यावर ओला टॉवेल घेऊन घरात फिरली. कूलर आला तेव्हा ती रजईत होती. तिने रजईतूनच विचारलं, "पप्पा, हीटरचं टेंडर आत्ताच काढू या का? जूनपर्यंत येईल."

मी या मेश्रामसाहेबांच्या हाताखाली असिस्टंट होतो. मी कमी बोलणारा माणूस. माझी बायको म्हणते की माझ्याकडून एखादी गोष्ट काढून घेण्यापेक्षा सरकारी हपिसातून पेन्शन काढणं सोपं. खरं आहे. साहेबांबद्दल इतकी वर्षं गप्प राहिलो, कारण या हकिकतीत मीही आहे, आणि जिथे आहे तिथे फारसा बरा दिसत नाही. आता केस पांढरे झाले. कोणापासून लपवायचं?

आमचं मंत्रालय कुठलं ते सांगत नाही. आमच्या टेबलावर काम एकच होतं, पण मोठं. हवाई दलासाठी प्रशिक्षणाचं जेट विमान निवडायचं. वैमानिक होणारा पोरगा आधी संथ, साध्या विमानावर शिकतो. तिथून उठवून त्याला एकदम आवाजाच्या वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानात बसवायचं म्हणजे तीनचाकी सायकलवरून उतरवून धावत्या ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवण्यासारखं. मधली पायरी हवी. जेटच, पण जरा समजूतदार. दोन सीटचं. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा.

'समजूतदार' हा शब्द साहेबांचा. ते म्हणत, "बापा जगताप, चुकीला लगेच शिक्षा करणारं विमान कामाचं नाही. पोरगं चुकलं की विमानाने आधी थरथरलं पाहिजे. सांगितलं पाहिजे, की बेट्या, चुकून राहिला तू. सावरायला वेळ दिला पाहिजे. त्यातूनही नाहीच सावरला, तर मग काय ते." हे बोलताना त्यांचा हात टेबलावरच्या पेपरवेटवर असा थरथरायचा की मला पेपरवेटची दया यायची. स्वतः साहेब विमानात एकदाही बसलेले नव्हते. नागपूरला जायचे ते रेल्वेने, तेही खालचा बर्थ मिळाला तर.

अडचण पैशांची होती. लढायच्या विमानाला पैसे निघायचे, शिकवायच्या विमानाला निघायचे नाहीत. वित्त विभागाकडे फाईल गेली की प्रश्न घेऊन परत यायची. एकदा प्रश्न आला: 'खर्च कमी करण्यासाठी दोनऐवजी एका सीटचे विमान चालेल काय?' साहेबांनी शांतपणे उत्तर लिहिलं की मग शिकवणारा कुठे बसणार? महिन्याने फाईल परत आली: 'शिकवणाऱ्यास जमिनीवरून सूचना देता येतील काय?' त्या दिवशी साहेबांनी डबा उघडला नाही.

विमानंही एकेक नगच होती. एका देशाचं विमान उत्तम, पण किंमत ऐकून आमचे सचिव खुर्चीतून उठून खिडकीशी जात. दुसऱ्याचं स्वस्त, पण इंजिन तिसऱ्या देशाचं, आणि त्या तिसऱ्याचं आमच्याशी वाकडं. चौथ्या देशाचं सगळ्या बाबतीत सरस होतं. फक्त ते अजून बनवायचं होतं.

आणि या सगळ्यावर एक नियम. तपासणीत सगळे बाद होऊन एकच विक्रेता उरला, तर प्रक्रिया रद्द. कारण तुलना करायला दुसरा नाही, म्हणजे भाव योग्य की अयोग्य हे ठरवणार कशावरून? मग पुन्हा गरजा, पुन्हा निविदा, पुन्हा चाचण्या. माझ्या डोळ्यांदेखत हे चाक पुन्हापुन्हा फिरलं. बाकीचे लोक या नियमाला शिव्या देत. साहेबांची मात्र त्याच्यावर श्रद्धा होती. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली बसूनसुद्धा ते हाच नियम सांगत.

त्यामुळे त्यांच्यापुढे कशाचंही कौतुक करायची सोय नव्हती. "सर, चहा झकास आहे हं" म्हटलं की लगेच, "दुसरा कुठला प्यायलास?" चार्टर्ड बस वेळेवर आली म्हटलं, तर "दुसरी कोणती पाहिली?" एकदा शर्माजींनी नवीन जन्मलेला नातू दाखवायला आणला. साहेबांनी बाळाकडे निरखून पाहिलं, त्यांचे ओठ हलायला लागले, आणि सुजाता धावत येऊन म्हणाली, "पप्पा, नाही!"

ऑफिसच्या कँटीनमध्ये मी साहेबांची नक्कल करायचो. हो, मीच, कमी बोलणारा. नक्कल करताना मला बोलायला जमायचं. समोसा हातात घेऊन "तुलना तक्ता कुठे आहे?" म्हटलं की टेबल हसायचं. आणि त्याच रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला बसलेलो असायचो.

मी मुनिरक्यात राहायचो. यूपीएससीसाठी फलटणहून आलो, परीक्षेने मला नको म्हटलं, पण दिल्लीने ठेवून घेतलं. खोलीत आणखी दोघं अभ्यास करणारे, एक स्टोव्ह, आणि रोज खिचडी. साहेबांना हे कळल्यावर त्यांनी रविवारचं जेवण त्यांच्याकडे लावून दिलं. सुजाताची आई ती शाळेत असतानाच गेली होती, तेव्हापासून रविवारचा स्वयंपाक साहेब स्वतः करत. नागपुरी सावजी रस्सा. लाल नव्हे, काळा. मी सगळ्यांना सांगायचो की रश्श्यासाठी जातो. आज सांगतो, तो रस्सा मला अजिबात सोसायचा नाही. सोमवारी माझे काय हाल व्हायचे ते मुनिरक्याच्या त्या खोलीलाच ठाऊक. मी सुजातासाठी जायचो.

तिला हे माहीत नव्हतं. ती नेहरू प्लेसला एका कॉम्प्युटर कंपनीत होती. चटचट बोलायची, मराठीत सुरुवात करून हिंदीत उतरायची आणि भांडण पुन्हा मराठीत मिटवायची. मला नुसतं 'जगताप' म्हणायची.

अशाच एका रविवारी, थंडी उतरणीला लागलेली, सुजाताने भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, "पप्पा, मला लग्न करायचंय."

माझ्या घशात रस्सा अडकला. अर्थात तो नेहमीच अडकायचा, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"बरं," साहेब म्हणाले. "कोण?"

"गुरमीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कंपनीत आहे. पेजर विकतात ते."

"पेजर म्हणजे ते, वाजतं पण बोलता येत नाही?"

"हां, तेच."

"दुसरा कोण आहे?"

"दुसरा कोण म्हणजे? पप्पा, मला त्याच्याशीच करायचंय."

साहेबांनी ताट पुढे सरकवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरं सांगतो, मुलगा शीख आहे, पंजाबी आहे, यातलं काहीही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांचं दुःख निराळंच होतं. "बेटा, एकच बोली आली," ते अतिशय हळू म्हणाले. "एकच बोली आली तर प्रक्रिया रद्द होते."

"पप्पा, मी विमान नाहीये!"

"म्हणून तर. विमान परत करता येतं."

भांडण झालं, रडणं झालं, दार आपटणं झालं. त्यातून मला समजलं ते एवढंच: कंपनी गुरमीतला होळीनंतर दुबईला पाठवणार होती. लग्न त्याआधी झालं तर सुजाता बरोबर जाणार. नाही झालं तर तो एकटा जाणार, आणि पुढचं पुढे. आणि सुजाताला पळून जायचं नव्हतं. ती म्हणाली, "पप्पांनी हो म्हटलं पाहिजे. वो अकेले हैं यार, मी त्यांना असं सोडून नाही जाणार."

मंगळवारी ती आमच्या ऑफिसबाहेर बसस्टॉपवर उभी होती.

"जगताप, तू उभा राहा."

"उभाच आहे."

"तसं नाही. माझ्यासाठी. दुसरी बोली म्हणून. दोन झाल्या की तुलना होईल, तुलना झाली की पप्पा खूश, गुरमीत जिंकेल, किस्सा खतम."

मी बसचा नंबर वाचत राहिलो. माझी बस नव्हती ती. "आणि मी जिंकलो तर?"

ती इतकी हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "तू टेन्शन घेऊ नको. तुझ्यात हरण्यासारखं भरपूर आहे."

मी हो म्हटलं. उपकार म्हणून हो म्हटलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. हजारात एखादा हिशेब चुकतो, या आशेवर हो म्हटलं.

साहेबांना मी माझी 'बोली' सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं. आश्चर्य होतं का आनंद, ते कळलं नाही. मग म्हणाले, "ठीक. दोघांनाही समान संधी. ऑफिसातली ओळख इथे नाही." आणि तुलना तक्ता टाईप करायचं काम नेहमीप्रमाणे मलाच दिलं.

चाचण्या रविवारी सुरू झाल्या. आम्ही दोन उमेदवार सोफ्यावर शेजारी शेजारी. गुरमीत उंचापुरा, मरून पगडी, आणि हसला की कपाटातले कप वाजायचे. साहेबांनी पहिल्याच बैठकीत नोंद केली, 'आवाजाची पातळी: मर्यादेपेक्षा जास्त.' गुरमीतला यातलं काहीच विचित्र वाटत नव्हतं. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "पाजी, हमारे यहाँ तो सीधा लड्डू खिला देते हैं। पर ये सिस्टम अच्छा है, टाइम पास हो जाता है।"

उष्ण हवामानातली चाचणी फेब्रुवारीत कशी घ्यायची हा प्रश्न होता. तो साहेबांनी सावजी रश्श्याने सोडवला. तिखट नेहमीच्या दुप्पट. गुरमीतच्या पगडीखालून घाम निथळायला लागला, नाक लाल झालं, डोळ्यांतून धारा. "अंकलजी," तो श्वास घेत म्हणाला, "इंजन गरम हो गया, पर बंद नहीं हुआ। थोड़ा और दीजिए।" मी अनुभवी. एक थेंबही सांडला नाही. तक्त्यात मी स्वतःच टाईप केलं: 'उमेदवार दोन: समाधानकारक.' टाईप करताना मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

उंचीवरची चाचणी म्हणजे भरलेला गॅस सिलिंडर घेऊन गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊन येणं. देखभालीची चाचणी म्हणजे शर्टाला बटण लावणं. गुरमीतने बटण लावलं ते शर्ट अंगात असताना, आणि बनियनसकट शिवलं. मुनिरक्यात राहिलेला माणूस बटणात हरत नाही. दोन रविवारांनंतर मी चक्क पुढे होतो. सुजाता मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून दात-ओठ खात म्हणाली, "जगताप, तुला हरायला आणलंय, याद है ना?"

किमतीचे लिफाफे तांत्रिक निकालानंतर उघडायचे असा दंडक. पण गुरमीतच्या पोटात काही राहायचं नाही. तो मध्येच म्हणाला, "अंकलजी, हमारी तरफ़ से तो ज़ीरो है। हमें कुछ नहीं चाहिए। उल्टा मम्मी फ्रिज दे रही हैं, सुजाता के लिए।"

साहेब गांगरले. हुंड्याचे ते कट्टर विरोधक, पण शून्याच्या खाली गेलेली बोली त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. "विक्रेता आपल्यालाच पैसे देतोय," ते मला बाजूला घेऊन कुजबुजले. "यात काहीतरी संशयास्पद आहे."

शेवटची चाचणी उड्डाणाची. साहेबांनी ती सगळ्यात महत्त्वाची मानली होती. सुजाताला गाडी शिकायची होती, आणि गुरमीतने नुकतीच लाल मारुती घेतली होती. नोएडात तेव्हा नवे सेक्टर आखले जात होते. रुंद गुळगुळीत रस्ते, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेले फ्लॅट, मध्येच एखादी निवांत म्हैस, आणि 'आपके सपनों का घर' अशी पाटी. तिथे रविवारी सकाळी आम्ही गेलो. सुजाता चालवणार. शेजारी आळीपाळीने उमेदवार बसणार. मागे साहेब, आणि त्यांच्याजवळ उरलेला उमेदवार. मागच्या सीटवरून पुढच्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे हा त्यांचा विमानातला आग्रह, म्हणून त्यांनी सीटवर दोन रजया घडी घालून घेतल्या. त्यांना रस्ता दिसायला लागला, पण डोकं छताला टेकलं. मान एका खांद्यावर ठेवून ते म्हणाले, "सुरू करा."

पहिला गुरमीत. सुजाताने क्लच सोडला, गाडीने उडी मारली. गुरमीत म्हणाला, "वाह! चल पड़ी।" ती वळणावर उजवीकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली, विटांच्या ढिगाकडे. गुरमीत "ब्रेक जी, ब्रेक जी" म्हणत राहिला, पण हात मांडीवरच. धडाम. विटांचा ढीग बॉनेटवर आला. पुढचा एक दिवा फुटला, लाल पत्रा आत गेला. तीन आठवड्यांची गाडी ती. सुजाता स्टिअरिंग धरून गोठलेली. गुरमीत तिच्याकडे वळून म्हणाला, "लगी तो नहीं?" मग उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि हसला. अर्धवट फ्लॅटमधली कबुतरं उडाली. "कोई बात नहीं। अब इस गाड़ी का डर निकल गया। पीछे लो, फिर से।"

नंतर मी. मी सीटवर बसतानाच हँडब्रेकवर हात ठेवला. सुजाता क्लच सोडणार एवढ्यात मी म्हणालो, "हळू." ती वळायच्या आधी मी म्हणालो, "आता वळ." म्हैस अजून लांब होती तेव्हाच मी हँडब्रेक ओढला. पुन्हा निघालो. एक खड्डा येणार होता, मी पुन्हा ओढला. गाडीला ओरखडाही नाही. म्हैससुद्धा जागची हलली नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

घरी पोचल्यावर साहेबांनी मान सरळ करायला बराच वेळ घेतला. मग मला म्हणाले, "जगताप, तू बाद."

"पण सर, गाडीला काही झालं नाही!"

"तू तिला चुकूच देत नाहीस बापा. तुझ्या शेजारी बसून ती म्हातारी होईल, पण गाडी शिकणार नाही." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "हा दोष फार सुरक्षित माणसांत असतो. मला माहीत आहे."

सुजाताने टाळ्या वाजवल्या. तिने गुरमीतच्या हातावर टाळी दिली. आणि मग तिच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात ते एक क्षण आधीच आलं होतं.

मी बाद, म्हणजे उरला एकच.

"प्रक्रिया रद्द," साहेब म्हणाले. खुर्चीत बसले, डोळे मिटले. त्यांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम. सुजाता माझ्यावर उखडली. "बाद नहीं होना था, गधे! पास होऊन शेवटी हरायचं होतं!" गुरमीत प्रत्येकाला पाणी देत फिरत होता. होळी तोंडावर आली होती. आणि आता खरं सांगायचं ते हे, की त्या सगळ्या रडारडीत माझ्या मनात एक उबदार, घाणेरडा विचार येऊन बसला: राहू दे रद्द. तो जाईल दुबईला. मी इथेच आहे, दर रविवारी.

दोन दिवस तो विचार मी जवळ बाळगला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी मला लॉनवर बोलावलं. सगळं सरकार तेव्हा लॉनवर असतं. कोणी पत्ते खेळतंय, बायका स्वेटर विणताहेत, मूंगफलीवाल्यांची चलती. साहेब एका कडेला गवतावर बसले होते, बूट काढून.

"एक कलम आहे," ते म्हणाले. "एकच विक्रेता असेल तरी घेता येतं. पण सक्षम अधिकाऱ्याने कारण लिहून द्यावं लागतं, की दुसरा कोणीही चालणार नाही. हाच का, ते सांगावं लागतं. विमानाच्या बाबतीत ते मी कधी लिहिलं नाही. हिंमत झाली नाही. तू लिहून घे, मी सांगतो."

मी कागद मांडीवर घेतला. ते पायाच्या बोटांकडे बघायला लागले. "उमेदवाराची प्रकृती..." म्हणाले. "नको, खोड." मग, "उमेदवाराचे उत्पन्न... तेही खोड." शेंगांची टरफलं वाऱ्याने आमच्याकडे येत होती.

"मला येत नाही रे," ते शेवटी म्हणाले. "कारण सापडत नाही."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. गप्प बसणं हीच माझी आयुष्यभराची कला. कसा कोण जाणे, तोंड उघडलं. "सर, गाडी ठोकली तेव्हा तो आधी सुजाताकडे वळला. नंतर गाडीकडे गेला."

"आणि तू कुठे बघत होतास? तुझ्या वेळेला?"

"हँडब्रेककडे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलंय हे मला त्या वेळी कळलं, आणि कदाचित पहिल्या दिवसापासूनच कळलेलं असावं. त्यांनी मूठभर सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

"हिच्या आईला बघायला गेलो," ते म्हणाले, "तेव्हा एकच मुलगी पाहिली. दुसरी पाहिलीच नाही. बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, हीच. कोणी विचारलं असतं का म्हणून, तर सांगता आलं नसतं. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्या मोज्याला भोक होतं ते बघून हसली, बस." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "मग ती आजारी पडली. कॉलनीच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला साधा ताप आहे. माणूस चांगला होता. मी विश्वास ठेवला. दुसऱ्याला दाखवलं नाही."

पत्त्यांच्या डावात कोणीतरी जिंकलं, ओरडा झाला.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "तुलना न करता दोनदा निर्णय घेतला. एकदा सगळं मिळालं. एकदा सगळं गेलं. यावरून नियम काय करायचा, सांग. मला तरी एकच सुचला."

कँटीनमध्ये नक्कल करताना वर जाणारा माझा हात आठवला, आणि तो मी मांडीखाली दाबून ठेवला.

"लिही," ते एकदम म्हणाले. "'तिला लागलं का, ते त्याने आधी विचारलं. सबब मंजूर.'" आणि त्यांनी सही केली, पूर्ण सही, खाली हुद्द्यासकट.

लग्न दोनदा झालं. सकाळी गुरुद्वाऱ्यात, दुपारी आमच्या पद्धतीने, बुद्धवंदना होऊन. आमच्या म्हणजे मेश्रामांच्या. मी तोवर स्वतःला त्यांच्यातच धरायला लागलो होतो. गुरमीतच्या मम्मीने फ्रिज दिलाच. साहेबांनी तो घेतला नाही, आणि परतही पाठवला नाही. लग्नाच्या हॉलमध्येच तो गुरमीतच्या मामांच्या स्वाधीन करून रीतसर पावती घेतली.

मार्चअखेर दोघं निघाले. विमान दुपारचं. सुजाता काचेच्या दारापाशी साहेबांच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडे आली, म्हणाली, "जगताप, तू बहुत अच्छा हारा यार," आणि आत गेली. गुरमीत वळूनवळून हात करत होता. एका ट्रॉलीवर आदळला.

मला वाटलं साहेब लगेच परत निघतील. ते म्हणाले, उडेपर्यंत थांबू. आम्ही बाहेर रस्त्यालगत, तारेच्या कुंपणापाशी उभे राहिलो. धूळ होती, ऊन चढलेलं. एकामागून एक विमानं सुटत होती, आणि त्यांचं कुठलं ते आम्हाला दोघांनाही ओळखता येत नव्हतं. एवढी वर्षं विमानं निवडणारे आम्ही. शेवटी वेळेचा अंदाज बांधून एक धरलं. ते लांबून धावत आलं, नाक वर केलं, आणि आवाजाने साहेबांचा सफारीचा कोट फडफडला. ते कुंपणाची तार घट्ट धरून वर बघत राहिले. विमान वळलं, बारीक झालं.

"जगताप," ते म्हणाले, "चालवणारा पोरगाच असेल ना?"

"असेल, सर."

"त्याला नीट शिकवलं असेल ना कोणी?"

मी म्हटलं, असेल. दुसरं विमान आलं, गेलं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिलं दिसेनासं झालं होतं त्या जागेवरून त्यांनी नजर काढली नाही, आणि मीही त्यांना, बस चुकेल, असं म्हटलं नाही.